सबमिशन लिहायचं कसं: जर्नलपासून ब्लॅक बुकपर्यंत, विषय बदलला की लिखाण का बदलतं

मागच्या आठवड्यात मावसबहीण घरी आली, बीए फर्स्ट इयरची, आणि म्हणाली दादा मला एक फॉरमॅट दे ना, तोच सगळ्या विषयांना वापरते. आधी प्रस्तावना, मग मधलं, मग समारोप, झालं. मला हसूच आलं, कारण मी पण हाच उद्योग केलेला आणि चांगला तोंडावर आपटलेलो.

मी कुठल्या तोंडाने सल्ला देतोय ते आधी सांगतो. बीएस्सी फिजिक्स केलं, मग घरच्यांची बोलणी खात एमए इतिहास केलं, आणि ही पाचही वर्षं संध्याकाळी मामाच्या डीटीपी-बाइंडिंगच्या दुकानात बसायचो. सेमिस्टर संपत आलं की आमची दिवाळी. लॉवाले, मेडिकलवाले, बीएडवाले, इंजिनिअरिंगची पोरं, सगळ्यांच्या फायली हाताखालून गेल्या, आणि प्रिंटर चालू असताना दुसरं काही करायला नसतं म्हणून मी त्या वाचायचो.

तर एमएच्या पहिल्या सेमिस्टरला मी कात्रजच्या तलावातून पेशवाईतल्या पुण्यात पाणी कसं यायचं यावर निबंध लिहिला. डोकं फिजिक्सचं. उतार किती, पाण्याचा दाब कसा, वाटेत उसासे (पाण्याचा दाब मोडायचे उंच मनोरे) का बांधले, आकृती पण काढली, वर उद्देश, खाली निष्कर्ष, मला वाटलं आता सर पाठ थोपटणार. सरांनी शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलं होतं, "पाणी कसं आलं ते कळलं. कुणाच्या वाड्यात आलं आणि कुणाच्या दारात नाही आलं, ते कुठाय?" आणि मार्क २० पैकी ९.

तेव्हा कळलं की मी इतिहासाच्या वर्गात फिजिक्सचं जर्नल दिलंय. भाषा चांगली होती, मुद्दे होते, पण त्या विषयात प्रश्न कुठला विचारतात आणि पुरावा कशाला म्हणतात तेच मला माहीत नव्हतं. असाइनमेंट हातात आली की आधी हेच शोधायचं, आपल्या विषयात "हे खरंय कशावरून" याला काय उत्तर चालतं. रीडिंग चालतं? जुनं पत्र चालतं? कोर्टाचा निकाल? कवितेतला एक शब्द? त्यावर लिखाणाचा सगळा साचा ठरतो.

पुण्यातलंच उदाहरण घेऊ म्हणजे सोपं पडेल. १२ जुलै १९६१, पानशेतचा पूर. अंबी नदीवरचं मातीचं धरण, काम अजून पुरतं झालेलं नव्हतं, ते फुटलं, पाणी खडकवासल्यात आलं, ते पण धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या. आता हा एकच विषय चार जणांना द्या. सिव्हिलचा पोरगा लिहिणार की धरणातून पाणी सोडायच्या मोरीवरचा भराव का खचला, आणि तो आकडे न् आकृत्या लावणार. इतिहासवाली त्या आठवड्यातले पेपर काढणार, सरकारी कागद काढणार आणि दोन्हीत काय जुळत नाही ते दाखवणार. समाजशास्त्रवाला गोखलेनगरला जाऊन पूरग्रस्तांना मिळालेल्या घरांत आता कोण राहतं, म्हाताऱ्या माणसांना काय आठवतं ते विचारत बसणार. आणि लॉवाली विचारणार की जबाबदारी कुणाची ठरते आणि कशाच्या आधारे. पूर एकच, पण चौघांच्या फायली एकमेकांच्या जागी सबमिट केल्या तर चौघंही नापास.

आता एकेक बघू. ज्यातलं मला जास्त कळतं त्यावर जास्त बोलणार, बाकीचं पटपट.

सायन्सचं प्रॅक्टिकल जर्नल. आपल्याकडे ते छापायचं असतं असाच समज आहे, म्हणजे सीनियरचं जर्नल घ्यायचं आणि रात्री बसून उतरवायचं. मी आणि माझ्या पार्टनरने सिंपल पेंड्युलमचं रीडिंग असंच उतरवलेलं आणि एक्स्टर्नलने दोन्ही जर्नल शेजारी ठेवून विचारलं की तुमचा दोघांचा अंगठा पण एकच आहे का. तेव्हा ओशाळलो, पण नंतर लक्षात आलं की लॅब रिपोर्टचं सगळं मर्म त्या अंगठ्यातच आहे. बघा, १ मीटर लांबीचं पेंड्युलम घेतलं तर एका झोक्याला, म्हणजे जाऊन परत यायला, साधारण २ सेकंद लागतात. स्टॉपवॉच दाबताना तुम्ही ०.२ सेकंद इकडेतिकडे झालात असं धरा. एकच झोका मोजला तर चूक १० टक्के. २० झोके मोजले तर ४० सेकंदांत तीच ०.२, म्हणजे अर्धा टक्का. आणि g (गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, ज्यासाठी हा सगळा प्रयोग असतो) काढायच्या सूत्रात वेळेचा वर्ग येतो म्हणून ती चूक दुप्पट, १ टक्का, म्हणजे तुमचं उत्तर ९.८ च्या आसपास ०.१ इकडे किंवा तिकडे. हे चार आकडे ज्याच्या जर्नलमध्ये असतात त्याला व्हायवाला कुणी छळत नाही. आणि ज्याने उत्तर बरोब्बर ९.८१ आणलंय आणि खाली "ह्यूमन एरर मुळे फरक पडू शकतो" एवढंच लिहिलंय त्याने काही केलेलंच नाही हे कुणालाही कळतं.

लॅब रिपोर्ट असो नाहीतर सायन्सचा रिसर्च पेपर, आतला सांगाडा एकच असतो. प्रश्न काय होता, आम्ही केलं काय, मिळालं काय, त्याचा अर्थ काय. तिसरं आणि चौथं मिसळायचं नाही, ही सगळ्यात कॉमन चूक. "तापमान वाढवल्यावर वेग वाढला" हे रिझल्टमध्ये, "कारण रेणू जास्त वेगाने आदळतात" हे डिस्कशनमध्ये. आणि लिहायचा क्रम छापायच्या क्रमापेक्षा वेगळा ठेवा, आधी पद्धत लिहून काढा कारण ती तुम्हाला माहीतच असते, मग रिझल्टची टेबलं आणि ग्राफ, मग डिस्कशन, मग प्रस्तावना, आणि अॅब्स्ट्रॅक्ट, म्हणजे सुरुवातीचा सारांश, अगदी शेवटी. अॅब्स्ट्रॅक्ट आधी लिहायला बसलेली माणसं मी दुकानात रात्री साडेदहाला रडकुंडीला आलेली पाहिली आहेत.

जिऑलॉजी आणि जिओग्राफीवाल्यांचा फील्ड रिपोर्ट म्हणजे याचाच चिखलात गेलेला भाऊ. पुण्यात राहून बेसॉल्टशिवाय बाकी काही दगड असतात यावर विश्वास बसणं अवघडच आहे, पण सिंहगडाच्या घाटात सुद्धा लाव्ह्याच्या थरांत फरक दिसतो, कुठे पोकळ्या भरलेल्या, कुठे एकसंध कातळ. फील्ड बुक पेन्सिलीने लिहा कारण पावसात शाई पसरते, फोटोत हातोडी किंवा पेन ठेवा म्हणजे आकार कळेल, आणि "दिसलं" आणि "वाटलं" यासाठी दोन वेगळे कॉलम करा. घरी आल्यावर "वाटलं" बदलू शकतं, "दिसलं" बदलायचं नाही.

आता इतिहास. इथे माझ्यासारखं करू नका. इतिहासाच्या निबंधाला तुमचं स्वतःचं एक म्हणणं लागतं, जे कुणीतरी खोडून काढू शकेल असं. "पेशवाईत पुण्याचा विकास झाला" हे म्हणणंच नाही, यावर कोण भांडणार? "कात्रजच्या पाण्याने पेठांमधला फरक कमी केला नाही, उलट पक्का केला" हे म्हणणं झालं, आता ते सिद्ध करा किंवा करताना स्वतःच चुकीचे ठरा, दोन्हीला मार्क आहेत. पुराव्याचे दोन ढीग करायचे, त्या काळातले कागद एकीकडे आणि नंतरच्या लोकांनी त्यावर लिहिलेलं दुसरीकडे. पुण्यात राहता म्हणजे नशीबवान आहात, पुराभिलेखागार, ज्याला सगळे पेशवे दप्तर म्हणतात, ते इथेच, १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ इथेच, १९१७ सालची भांडारकर संस्था पण इथेच. मोडी येत नसेल तर शिकायचे वर्ग असतात, मी अर्धवट शिकलो आणि त्याची खंत आहे. पण मोडी येत नसली तरी छापील निवडी आहेत, त्या वाचताना प्रत्येक कागदाला तीन प्रश्न विचारायचे, कुणी लिहिला, कुणासाठी लिहिला, आणि त्यात काय लिहिलेलं नाही. तिसऱ्या प्रश्नातनंच बहुतेक चांगले निबंध निघतात.

साहित्यवाल्यांचा पुरावा म्हणजे प्रत्यक्ष संहिता. कवीचं चरित्र सांगून चार पानं भरली की काम झालं असं वाटतं, होत नाही. साधं उदाहरण, मोठ्या अभंगाची ठेवण अशी की पहिले तीन चरण ६-६ अक्षरांचे आणि चौथा फक्त ४ अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक जुळतं आणि मग चौथ्यात वाक्य एकदम आवरतं. तुम्ही घेतलेल्या अभंगात त्या ४ अक्षरांत संतकवीने काय ठेवलंय, उत्तर, प्रश्न, की नुसतंच नाव, यावर दोन पानं लिहा. "भावोत्कट", "हृदयस्पर्शी" असले शब्द आले की समजायचं लिहिणाऱ्याने कविता वाचायची थांबवली आहे. माझं वैयक्तिक मत, पण मी ते बदलणार नाही.

समाजशास्त्र, इकॉनॉमिक्स वगैरे सायन्स आणि इतिहास-साहित्य यांच्या मधे कुठेतरी. आकडे पण लागतात आणि माणसं पण. याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे आपलं पिंपळे सौदागर. आज तिथे आयटीवाल्यांची टॉवरं आहेत, पण पुण्याच्या शेती कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरॉल्ड मान यांनी हेच गाव घेऊन घर न् घर तपासलं, कुणाची जमीन किती, कर्ज किती, आणि १९१७ साली तो अभ्यास छापला. त्यात आलं की १७७१ साली सरासरी जमीनधारणा ४० एकर होती ती १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली. एक गाव, नीट मोजलेलं, आणि शंभर वर्षांनंतरही लोक त्याचा दाखला देतात. तुमच्या फील्ड प्रोजेक्टला, जो आता नवीन शैक्षणिक धोरणामुळे बऱ्याच जणांच्या गळ्यात पडलाय, हेच करा. "पुण्यातील युवकांचा सोशल मीडिया वापर" असला विषय घेऊन गूगल फॉर्म वर्गाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकला की तुम्ही पुण्यातल्या युवकांचा अभ्यास केलेला नसतो, तुमच्या ग्रुपचा केलेला असतो. मग तसं लिहा. "आमच्या वर्गातील ५२ जणांनी दिलेली उत्तरं" असं लिहिलं की काही कमीपणा येत नाही, आणि कुणी चूक पण काढू शकत नाही. फील्ड डायरी रोजच्या रोज लिहा, रात्री झोपायच्या आधी, दुसऱ्या दिवशी अर्धं विसरलेलं असतं. आणि मुलाखत दिलेल्या माणसाचं नाव विचारल्याशिवाय छापायचं नाही.

लॉवाल्यांचं लिखाण मला आधी रुक्ष वाटायचं, नंतर त्याची मजा कळली. केस ब्रीफ म्हणजे भलामोठा निकाल दोन पानांत आणायचा. केशवानंद भारती घ्या, संसदेला राज्यघटना कितपत बदलता येते यावरचा सुप्रीम कोर्टाचा खटला, १३ न्यायाधीश, ७ विरुद्ध ६, सातशे पानांचं निकालपत्र, आणि तुम्ही सांगायचं की तथ्यं काय, प्रश्न काय, कोर्टाने काय ठरवलं आणि कुठल्या तत्त्वावर. यात निकालाचा गाभा वेगळा आणि न्यायाधीश जाता जाता जे बोलून गेले ते वेगळं, ही गल्लत केली की ब्रीफ गेलं. प्रॉब्लेम क्वेश्चनला, म्हणजे एखादा काल्पनिक प्रसंग देऊन विचारलेल्या प्रश्नाला, चार पायऱ्या, मुद्दा काय, नियम काय, नियम या तथ्यांना लावला तर काय होतं, म्हणून निष्कर्ष काय. बहुतेक पोरं नियम पाठ म्हणून दाखवतात आणि तिसरी पायरी एका ओळीत गुंडाळतात, मार्क मात्र सगळे तिसऱ्यात. मूटचं (लुटुपुटूच्या कोर्टाचं) मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, आणखी वेगळं, तिथे दोन्ही बाजूंची तयार करावी लागतात, स्वतःच्याच विरोधात लिहायचं. आणि सायटेशन अक्षरशः जसंच्या तसं, केशवानंदचं एआयआर १९७३ एससी १४६१ म्हणजे तेच, आकडा चुकला की दुसरीच केस.

मेडिकलवाल्यांची केस हिस्टरी. पेशंटची तक्रार त्याच्याच शब्दांत, किती दिवसांपासून ते कालक्रमाने, जुनं आधी, मग आधीचे आजार, घरातले आजार, सवयी, मग तपासणी, मग तुमचा अंदाज. अंदाज आधी मनात धरून हिस्टरी त्याला जुळवून लिहिली की पकडले जाता. नाव, पत्ता, चेहरा, काही येता कामा नये, एकदा एका पोराने सेमिनारसाठी रिपोर्टचं झेरॉक्स आणलं त्यावर पेशंटचं पूर्ण नाव होतं, मामाने प्रिंट काढायलाच नकार दिला.

बीएडचं पाठ टाचण, म्हणजे लेसन प्लॅन, वेगळ्याच जातीचं, त्यात मिनिटांचा हिशोब असतो, आणि शेवटी पाठ कसा गेला ते प्रामाणिकपणे लिहायचं असतं. सगळे लिहितात "विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला". मागच्या बाकावर दोघं झोपले होते हे लिहा की, आणि पुढच्या वेळी काय बदलणार ते लिहा, रिफ्लेक्शन त्यालाच म्हणतात.

मॅनेजमेंटचा प्रोजेक्ट म्हणजे कंपनीच्या वेबसाइटवरचा इतिहास २० पानं आणि स्वतःचं काम ४ पानं असं असतं. उलटं करा, बाकी काही सांगायची गरज नाही.

इंजिनिअरिंगची ब्लॅक बुक, म्हणजे फायनल इयरच्या प्रोजेक्टचा बाइंड केलेला रिपोर्ट. ही पोरं फर्स्ट इयरला काचेखाली ट्यूब लावून जीटी (ग्लास ट्रेसिंग) मारत ड्रॉइंगच्या शीट काढतात आणि फायनल इयरला तीच सवय रिपोर्टमध्ये आणतात, मागच्या बॅचची फाईल, नाव बदलून. एकदा तर आमच्या दुकानात मागच्या वर्षीच्या गाईडचे आभार मानलेली कॉपी बाइंड होता होता राहिली. रिपोर्टमध्ये खरं महत्त्वाचं असतं ते म्हणजे तुम्ही हा मार्ग का निवडला, दुसरा का सोडला, आणि टेस्ट करताना कुठे फेल झालं. फेल झालेल्या टेस्ट केस टाका, त्यानेच कळतं की तुम्ही टेस्ट केलं. "फ्यूचर स्कोप" मध्ये जगातलं सगळं तंत्रज्ञान घालू नका.

एमए-एमएस्सीचं डिसर्टेशन किंवा पुढे पीएचडीची सिनॉप्सिस, यात लिटरेचर रिव्ह्यूला, म्हणजे आधीच्या संशोधनाच्या आढाव्याला, सगळे अडखळतात. ती पुस्तकांची यादी नसते. "अमुक यांनी २००४ साली असं म्हटलं, तमुक यांनी २००९ साली तसं म्हटलं" असं पंधरा पानं लिहिलं तर ते किराणाच्या यादीसारखं वाचतात. माणसांऐवजी भांडणांप्रमाणे मांडा. या मुद्द्यावर हे तिघं एका बाजूला, ते दोघं दुसऱ्या बाजूला, आणि या जागेकडे कुणीच बघितलेलं नाही, मी तिथे बसणार. नमुने बघायचे तर शोधगंगा या वेबसाइटवर देशभरातले प्रबंध फुकट आहेत, नाहीतर युनिव्हर्सिटीच्या जयकर ग्रंथालयात जाऊन आपल्याच डिपार्टमेंटचे जुने प्रबंध चाळा, इकॉनॉमिक्सवाल्यांना गोखले इन्स्टिट्यूटची लायब्ररी आहेच. दोन चांगले नमुने शोधा आणि त्यांचा मजकूर न वाचता फक्त सांगाडा कागदावर काढा, कुठल्या प्रकरणात किती पानं, आकडा कुठे येतो, लेखक स्वतः कधी बोलतो. एका दुपारचं काम आहे, आणि कुठल्याही गाईडपेक्षा, यात मी पण आलो, जास्त शिकवतं.

मराठीतून लिहिताना पारिभाषिक शब्दांवर पोरं फार घाबरतात. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, ते बघा, पण एकदा एक शब्द धरला की शेवटपर्यंत तोच ठेवा. पान ३ वर "चल", पान १० वर "चलांक" आणि पान १५ वर "व्हेरिएबल" असं झालं तर वाचणाऱ्याला वाटतं तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

कॉपीचं एकदा स्पष्ट सांगतो कारण दुकानात रोज हाच प्रश्न यायचा, "दादा, किती टक्के चालतं?" यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८ चे नियम आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. १० ते ४० मध्ये दुरुस्त करून पुन्हा द्यायला लावतात, मुदत जास्तीत जास्त ६ महिने. ४० ते ६० असेल तर एक वर्ष सबमिट करायला बंदी. ६० च्या वर रजिस्ट्रेशनच रद्द. अवतरणात नाव देऊन घेतलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, आभार, कायद्यांची कलमं, ठरलेली समीकरणं हे त्यात धरत नाहीत. पण हे नियम वाचून "म्हणजे ९ टक्के ढापायला हरकत नाही" असा अर्थ काढू नका, मामाच्या एका गिऱ्हाईकाने काढला होता आणि गाईडने नेमकं तेच पान उघडलं. मशीनला टक्के कळतात, गाईडला तुमची भाषा कळते. मधेच एखादा परिच्छेद एकदम सफाईदार झाला की त्यांना वासच येतो.

एआयचं पण तेच. मुद्दे सुचवायला वापरा, कॉलेजची परवानगी असेल तर, पण संदर्भ त्याच्याकडून घेऊ नका. अस्तित्वातच नसलेली पुस्तकं ते इतक्या आत्मविश्वासाने सांगतं की पान नंबर पण देतं. जे पुस्तक तुम्ही हातात घेतलेलं नाही किंवा स्क्रीनवर उघडलेलं नाही ते सूचीत जाणार नाही, एवढा नियम पाळा.

संदर्भ द्यायची पद्धत विषयावर ठरते, समाजशास्त्र-सायकॉलॉजीला बहुतेक एपीए, साहित्याला एमएलए, इतिहासाला शिकागोच्या तळटिपा, इंजिनिअरिंगला आयईईईचे चौकटी कंसातले आकडे. गाईडला पहिल्याच दिवशी विचारा कुठली, आणि वाचतानाच नोंदवत चला, शेवटी नको. शेवटी तुम्हाला आठवतं की ते निळ्या कव्हरचं पुस्तक होतं, बस.

आणि दुकानदाराच्या भाच्याकडून शेवटचं. डावीकडे दीड इंच मार्जिन सोडा, नाहीतर बाइंडिंगमध्ये प्रत्येक ओळीची पहिली दोन अक्षरं जातात. फाईल पीडीएफ करूनच आणा, वर्डमध्ये आणली की आमच्या मशीनवर मराठी फॉन्ट फुटतो आणि पान ३४ वर काना-मात्रा गोळा होऊन बसतात. रेक्झिनवर सोनेरी अक्षरं उठवायच्या आधी कव्हरचा मजकूर मोठ्याने वाचा, स्वतःचं नाव, गाईडचं नाव, वर्ष. "मार्गदर्शक" चं "मागदर्शक" झालेल्या चार कॉपी मामाने अजून कपाटात ठेवल्यात, कुणी न्यायलाच आलं नाही.